यंत्र आपलं, हुकूम कुणाचा?

२४ फेब्रुवारी २०२२. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं, आणि त्याच पहाटे तिथून शेकडो कोस दूर, जर्मनीसह मध्य युरोपात, ५,८०० पवनचक्क्यांचा त्यांच्या कंपनीशी असलेला संपर्क तुटला. एनरकॉन ही ती कंपनी, आणि त्या चक्क्यांची एकूण क्षमता होती ११ हजार मेगावॅट. चक्क्या थांबल्या नाहीत. प्रत्येकीच्या पोटातला नियंत्रक वारा बघून तिला चालवत राहिला. पण दूर बसून तिची विचारपूस करायची, बिघाड काढायचा किंवा तिला थांबवायचं, तर ते आता कुणाच्याच हातात नव्हतं. हल्लेखोरांचा नेम खरं तर युक्रेनच्या लष्करी दळणवळणावर होता. ते दळणवळण आणि या चक्क्या व्हायसॅट कंपनीच्या एकाच उपग्रह सेवेवर होत्या, म्हणून चक्क्याही त्यात सापडल्या. हल्ल्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोडेमना रोज ज्या वाटेने कंपनीचे हुकूम मिळत, त्याच वाटेने शिरून हल्लेखोरांनी आपले हुकूम सोडले, आणि हजारो मोडेमनी स्वतःची स्मृती पुसून घेतली.

ही हकीकत सातारा-सांगलीच्या माणसाने लक्ष देऊन वाचावी. साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून ठोसेघरवरून चाळकेवाडीला गेलं, किंवा पाटणच्या बाजूने वनकुसवड्याच्या सड्यावर चढलं, की चक्क्यांच्या रांगा लागतात. सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर आणि जतकडे त्या आहेत. वनकुसवड्याचं पवनक्षेत्र उभं राहिलं तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या पवनक्षेत्रांत त्याची गणना होई. तिथली सुरुवातीची यंत्रं ३५० किलोवॅटची, आजच्या मानाने अगदी लहान. सुझलॉनने ती उभारली. कंपनी पुण्याची, पण सुरुवातीचं तंत्र जर्मनीच्या झ्यूडविंडकडून आलेलं.

पवनचक्की बाहेरून दिसते तशी साधी नसते. वरच्या पेटीवर वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी उपकरणं असतात. वारा सेकंदाला तीन-चार मीटरवर आला की यंत्र जागं होतं, साधारण पंचवीस मीटरच्या पुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. तोंड वाऱ्याकडे वळवायचं, पात्यांचा कोन बदलायचा, ब्रेक लावायचा, वीज जाळ्यात सोडायची की नाही ते ठरवायचं, हे सगळं मनोऱ्यातल्या कपाटात बसलेला संगणक करतो. त्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम असते: कुठे व्हीएक्सवर्क्स, कुठे विंडोजची छोटी आवृत्ती, कुठे लिनक्स. मशीन ट्रिप झालं की साइटवरचा तंत्रज्ञ कपाट उघडून पडद्यावरचा एरर कोड वाचतो. पण त्याच्याआधी तो कोड दूरवरच्या नियंत्रण कक्षात पोचलेला असतो, आणि बऱ्याचदा यंत्र तिथूनच पुन्हा सुरू केलं जातं. ही सोय नसती तर पावसाळ्यात, धुक्यात हरवलेल्या पठारावर शेकडो चक्क्या चालवणं अवघड झालं असतं. पण जो दुरून सुरू करू शकतो, तो दुरून बंदही करू शकतो.

म्हणून ३१ जुलै २०२५ रोजी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पवनचक्क्यांच्या मान्यताप्राप्त मॉडेलांची पद्धत बदलली. पाती, मनोरा, गिअरबॉक्स, जनित्र, खास बेअरिंग हे भाग मान्य यादीतल्या उत्पादकांकडूनच घ्यायचे, हा बदलाचा एक भाग. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा: चक्क्यांची माहिती भारतातल्या सर्व्हरवरच ठेवायची, चालू यंत्राची माहिती देशाबाहेर पाठवायची नाही आणि यंत्राचं नियंत्रण भारतातूनच करायचं. भारताच्या बाजारात चिनी कंपन्यांच्या चक्क्या वेगाने वाढत असताना हे कलम आलं, तेव्हा त्याचा रोख कुठे आहे ते उघड आहे. वीजजाळ्यात बसणाऱ्या आयात सामग्रीची घातक सॉफ्टवेअरसाठी तपासणी करायचा आदेश ऊर्जा मंत्रालयाने २ जुलै २०२० रोजीच काढला होता. लिथुआनियाने तर थेट कायदाच केला. १०० किलोवॅटच्या वरच्या सौर, पवन आणि साठवण प्रकल्पांच्या नियंत्रण यंत्रणेत चीनमधून दुरून शिरता येऊ नये, अशी त्याची तरतूद आहे, आणि ती १ मे २०२५पासून लागू झाली.

परक्या सॉफ्टवेअरच्या या भीतीला आधार आहे का? आहे, आणि तो एका अमेरिकन संस्थेनेच पुरवला. विंडोजमध्ये संगणकांनी एकमेकांशी फायली वाटून घेण्याची जी सोय आहे, तिच्यात एक भोक होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, ते सापडलं. तिने ते मायक्रोसॉफ्टला सांगितलं नाही. स्वतःच्या हेरगिरीसाठी वर्षानुवर्षं वापरलं. पुढे तिचं हत्यारच चोरीला गेलं, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टला कळलं. १४ मार्च २०१७ला दुरुस्ती आली, एप्रिलमध्ये चोरांनी हत्यार जगासमोर मांडलं आणि १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा सुटला. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांवर संगणक कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या संगणकांवर मार्चची दुरुस्ती बसवलेली नव्हती, ते बळी पडले. यातून परदेशी ऑपरेटिंग सिस्टीमबद्दलच्या दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. बनवणाऱ्याच्या देशाला तिच्यातली भोकं आधी कळू शकतात; आणि ती बुजवायची तर त्याच बनवणाऱ्याकडे हात पसरावा लागतो.

दूरच्या व्यापाऱ्यामागे त्याचं राज्य उभं असतं, हे मराठी राज्यकर्त्यांना तीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, जी सावधगिरी सांगितली आहे, ती याच कारणासाठी. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, तेव्हा व्यापार करू द्यावा पण कायमचं ठाणं देऊ नये, असा तिचा आशय. इतका नेमका इशारा हाताशी असताना पुढच्या शंभर वर्षांत काय झालं ते पाहायला सातारा जिल्ह्यातल्याच एका गावाकडे जावं लागतं.

कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड हे शिंद्यांचं मूळ गाव. तिथल्या पाटलांच्या घरातले महादजी शिंदे उत्तर हिंदुस्थानात दिल्लीच्या बादशहाचे कारभारी झाले. युरोपीय कवायती पायदळाचं आणि तोफखान्याचं मोल त्यांनी ओळखलं. १७८४मध्ये त्यांनी सॅव्हॉयच्या बेन्वा द बॉइनला चाकरीत घेतलं. त्याने पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला तोफा ओतण्याचे कारखाने चालू झाले. तोफा इथल्या मातीवर ओतलेल्या, बारूद इथली, गोलंदाज इथले, पगार शिंद्यांच्या तिजोरीतून. वरचे अधिकारी मात्र फ्रेंच, इंग्रज, जर्मन. महादजी होते तोवर ही व्यवस्था त्यांच्या धाकात चालली. १७९४मध्ये ते वारले, द बॉइन पुढे मायदेशी परतला आणि त्याच्या जागी पेराँ आला.

१८०३मध्ये महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्याशी लढाई जुंपताना गव्हर्नर जनरल वेलस्लीने एक जाहीरनामा काढला. शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी ती सोडावी, ईस्ट इंडिया कंपनी त्यांची सोय लावेल. अनेक अधिकारी निघून गेले. ४ सप्टेंबरला लॉर्ड लेकने अलिगढचा किल्ला घेतला. किल्ला बळकट, खंदक खोल, तोफा भरपूर. इंग्रजांच्या तुकडीला दरवाजाची वाट दाखवायला पुढे होता ल्यूकन नावाचा माणूस, जो थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचा अधिकारी होता. मोर्चे कुठे, आत कसं शिरायचं, हे त्याला आतून माहीत होतं. खुद्द पेराँ काही दिवसांत इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत लढले, त्यांच्या तोफांनी इंग्रजांची जी हानी केली तिची नोंद इंग्रजांनीच केली आहे. कमी पडला तो लोखंडाचा दर्जा नव्हे, माणसांचा जीवही नव्हे. हुकमाची साखळी वरच्या टोकाला परक्याच्या हातात होती, आणि नेमक्या वेळी ती सुटली.

हे उदाहरण मी लांबवलं, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या वादात आपण हमखास तोफेकडे बघतो आणि साखळी विसरतो. संगणक कुठे जोडला, पेटीवर कुणाचं नाव आहे, याची चर्चा फार होते. अपडेट कोण पाठवतं, ते नाकारायचा अधिकार कुणाला आहे, परवाना एका रात्रीत कोण रद्द करू शकतं, हे प्रश्न निविदेच्या कागदात शोधूनही सापडत नाहीत.

साखळी खरंच सुटते, याचा अनुभव भारताने अलीकडे घेतला. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियावरच्या निर्बंधांत गुजरातमधल्या वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची मालक नायरा एनर्जी हिचा समावेश केला, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा आहे. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कंपनीचे ईमेल अडकले. परवाना पैसे मोजून घेतलेला, भारतीय कायदा मोडलेला नाही, निर्बंध लावणारी सत्ता तिसरीच. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाल्या. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर हिचे पेट्रोल पंप आहेत. त्यांना या प्रकाराची झळ लागली नाही, पण लागू शकली असती. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्री आपापलं काम झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नेत असल्याचं सांगू लागले, ते या पार्श्वभूमीवर.

इतर देशांनी काय केलं ते थोडक्यात. चीनने मे २०१४मध्ये सरकारी खरेदीतून विंडोज ८ वगळलं. त्याच्या आदल्या वर्षी एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रं उघड केली होती आणि त्याच वर्षी ८ एप्रिलला विंडोज एक्सपीचा आधार संपला होता. आज तिथे कायलिन नावाची लिनक्सवर बांधलेली सिस्टीम सरकारी कचेऱ्यांत आहे. रशियाने सैन्यात अॅस्ट्रा लिनक्स आणलं, आणि मार्च २०२२च्या फर्मानाने महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांत परदेशी सॉफ्टवेअर वापरायला १ जानेवारी २०२५पासून मनाई केली.

भारताचा रस्ता जुना आहे. सी-डॅकची जन्मकथाच अशी आहे: अमेरिकेने क्रे महासंगणक देताना अडवणूक केली, १९८८मध्ये पुण्यात ही संस्था सुरू झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. तिच्याच चेन्नई केंद्राने जानेवारी २००७मध्ये बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, प्रसिद्ध केली. २०२३च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालय इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवरून विंडोज काढून माया बसवत असल्याच्या बातम्या आल्या; सोबत चक्रव्यूह नावाचं संरक्षक कवच. आता बॉस उभी आहे डेबियनवर आणि माया उबुंटूवर. डेबियन जगभरच्या स्वयंसेवकांचं काम, उबुंटूमागची कॅनॉनिकल ही कंपनी लंडनची. यावरून काही जण या सिस्टीमना स्वदेशी म्हणायलाच तयार नसतात. मला तो आक्षेप चुकीचा वाटतो. लिनक्सचा कोड उघडा असतो. तो वाचता येतो, नको ते कापता येतं, उद्या लंडनने दार लावलं तरी हातातली प्रत कुणी परत नेऊ शकत नाही. विंडोजच्या बाबतीत यातलं काहीच आपल्या हातात नाही.

नुसत्या स्वदेशीने मात्र भागत नाही, याचे दोन पुरावे डोळ्यांसमोर ठेवावेत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला तो युक्रेनच्या मी-डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. सॉफ्टवेअर युक्रेनचंच, तिथल्या करभरणीसाठी घरोघरच्या धंद्यांत वापरलं जाणारं. हल्लेखोरांनी बनवणाऱ्या कंपनीचा अपडेट सर्व्हर ताब्यात घेतला आणि रोजच्या विश्वासाच्या वाटेने विष पाठवलं. ते मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावाशेवाला आलं. जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, आणि बाहेर कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. आपल्या भागातली द्राक्षं युरोपला जातात ती याच बंदरातून.

दुसरा पुरावा दक्षिण कोरियाचा. १९९०च्या दशकात अमेरिका बळकट सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर बंधनं घालत असे. कोरियाने हुशारीने स्वतःची सीड ही पद्धत तयार केली आणि ऑनलाइन व्यवहारांसाठी सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ब्राउझरमध्ये सीड बसवायला मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्हएक्सचा आधार घेतला. झालं असं, की बँकेचा व्यवहार असो वा कराचा भरणा, इंटरनेट एक्सप्लोरर आणि विंडोज नसेल तर काम होईना. परावलंबन टाळायला केलेल्या कायद्याने देशाला वीस वर्षं एका परदेशी कंपनीला बांधून ठेवलं. ते प्रमाणपत्र डिसेंबर २०२०मध्ये रद्द झालं.

आपल्याकडे अशी गाठ मराठी टंकलेखनाने मारून ठेवली आहे. युनिकोड येण्याआधी सरकारी कचेऱ्यांत सी-डॅकचं आयएसएम आणि डीव्हीबी-टीटी सुरेखसारखे फॉन्ट आले. काम उत्तम होतं. संगणकावर मराठी आली ती या मंडळींच्या कष्टांनी. पण त्या पद्धतीत फायलीत साठवलेली असतात ती रोमन लिपीच्या कोष्टकातली चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश देतो. कुठल्याही तहसील कचेरीतली किंवा जिल्हा परिषदेतली पंधरा वर्षांपूर्वीची फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडून बघा: ठरावाच्या जागी रोमन अक्षरं, टोप्या, शेपट्या आणि प्रश्नचिन्हं. फॉन्टसाठी आयएसएम, आयएसएमसाठी विंडोज, अशी ती मालिका. मंत्रालयातून उद्या लिनक्सचा हुकूम निघाला तर सातारा-सांगलीतला लिपिक पहिल्यांदा अडेल तो सुरक्षेच्या प्रश्नावर नव्हे, जुन्या ठरावाची नक्कल देण्यावर. जुने दस्त युनिकोडमध्ये आणणं आणि सगळीकडे इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवणं, हे ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याच्या आधीचं काम आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र पैसा आणि माणूस लागतो.

हुकूम नीट काढला तर काय होतं, याचं चांगलं उदाहरण रिझर्व्ह बँकेचं आहे. एक्सपीचा आधार संपून चार वर्षं झाली तरी देशातली पुष्कळ एटीएम त्याच्यावरच चालत होती. २१ जून २०१८च्या परिपत्रकाने बँकांना टप्पे आखून दिले: यूएसबीची दारं बंद करा, बायोसला पासवर्ड लावा, आणि चालू आधार असलेली ऑपरेटिंग सिस्टीम सप्टेंबर २०१८पर्यंत चौथ्या हिश्श्याच्या एटीएमवर, जून २०१९पर्यंत सगळ्यांवर आणा. मनाई कुणाच्या देशावर नव्हती, बेवारशी सॉफ्टवेअरवर होती. परिपत्रकाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ११ ऑगस्टला बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतल्या आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरातल्याही एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टच्या वाटेने हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. तिथे एटीएम यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीम गुन्हेगार नव्हती. एटीएम आणि बँक यांच्या मधल्या स्विचची जागा हल्लेखोरांच्या बनावट स्विचने घेतली होती, आणि तो प्रत्येक मागणीला होकार देत होता. सहकारी बँका हा या दोन जिल्ह्यांच्या अर्थकारणाचा कणा आहे, म्हणून त्यांच्या संचालकांनी हे प्रकरण पाठ करावं.

आता प्रश्न राहतो तो कोड वाचणाऱ्या माणसांचा. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की डेबियनच्या अजून स्थिर न झालेल्या आवृत्तीवर दुरून लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने पाठपुरावा केला, आणि एक्सझेड नावाच्या साध्या फाईल-दाबणी प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मन लावून मदत करून, थकलेल्या एकट्या संचालकाचा विश्वास मिळवून तो बसवला होता. आणखी काही आठवडे गेले असते तर तो जगातल्या असंख्य सर्व्हरवर पोचला असता. कोड उघडा होता म्हणून तो सापडू शकला. फ्रॉइंडकडे कौशल्य, वेळ आणि चिकाटी होती म्हणून सापडला. उघड्या कोडचा फायदा वाचणाऱ्यालाच मिळतो.

असे वाचक इथे तयार होऊ शकतात. सांगलीत विश्रामबागला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. थोरले धाकट्यांना शिकवतात, कार्यशाळा घेतात. शिकून झालं की ही मुलं पुण्या-बंगळूरला जातात, बहुतेकदा परदेशी कंपन्यांची कामं करायला. त्यांची इथली गरज मात्र रोजची आहे: डेबियनमध्ये भोक सापडलं की दुरुस्ती जाहीर होते आणि त्याच क्षणी हल्लेखोरांनाही भोकाचा पत्ता लागतो. ती दुरुस्ती बॉसमध्ये किंवा मायात घेऊन, तपासून, हजारो सरकारी संगणकांवर त्याच दिवशी पोचवायची तर कायमच्या पगारावर बसलेली मोठी तुकडी लागते. मनाईचा हुकूम एका पानात निघतो. ही तुकडी दरवर्षी अर्थसंकल्पात मागावी लागेल, आणि पठारांवर जुन्या चक्क्यांच्या जागी मोठ्या चक्क्या बसवायचे करार होतील, तेव्हा त्यांच्या नियंत्रकांचा कोड तपासण्याची अटही तिच्याच भरवशावर घालता येईल.